होकार कुणाचा

"मला हे स्थळ मान्य आहे. तुम्ही बोलणी करायला घरी कधी येता?" फोन माझ्या कानात म्हणाला, आणि मग त्याच सपाट आवाजात पुढे म्हणाला, "हसरा चेहरा. जोडलेले हात."

कराडच्या एका दूध संघात मी तेव्हा टेलिफोन ऑपरेटर होतो. जेवणाची सुट्टी संपत आली होती, बाहेर कुणीतरी डबे विसळत होतं. मला जन्मापासून दिसत नाही. फोनवर आलेला मजकूर, त्यातल्या चित्रांच्या नावांसकट, फोनच मला वाचून दाखवतो, तो मी एका कानात एअरफोन घालून ऐकतो. हा मेसेज चिपळूणच्या वृंदा रेडीजचा होता. माझ्याशी लग्न करशील का, असं मी तिला विचारलं होतं, आणि त्यानंतर कामात लक्ष म्हणून लागत नव्हतं. आता उत्तर आलं होतं, आणि ते 'हो' असं होतं.

मी मेसेज परत ऐकला. मग आणखी एकदा. आनंद व्हायला हवा होता, तो कुठेतरी वाटेतच थांबला. कारण वृंदाने मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

तिने कुणालाच म्हटलं नव्हतं. वृंदाला सेरेब्रल पाल्सी आहे. हात ऐकत नाहीत, मान पुरती ताठ राहत नाही, आणि बोलते ते परक्या माणसाला कळत नाही. पण 'निरोप्या' नावाचं मेसेजचं एक मराठी अ‍ॅप तेव्हा निघालं होतं, त्यात 'मोठी अक्षरं' अशी एक सोय होती. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत जायच्या. हवी ती ओळ उजळली की खुर्चीला लावलेलं मोठं गोल बटण गालाने दाबायचं. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून उजळायची, हवं ते आलं की परत दाबायचं. अशा रीतीने ती लिहायची. 'तू' लिहायला तिला दोन खुणा निवडाव्या लागत, 'तुम्ही' लिहायला सहा. म्हणून ती सगळ्या जगाला अरेतुरे करायची. निरोप्यावर आमच्यासारख्यांचा एक गट होता, त्यात सत्तरीचे निवृत्त हेडमास्तर होते, त्यांनासुद्धा ती 'तू चुकलास' असं लिहून मोकळी व्हायची. क्रियापदं गाळायची. विरामचिन्हं शेवटच्या ओळीत होती, तिथपर्यंत ती क्वचित जायची. 'जेवलास का' हे तिने मला एकदाही विचारलं नव्हतं. तेवढ्या कष्टात तिला दुसरं काहीतरी महत्त्वाचं सांगायचं असायचं.

आम्ही गटातच ओळखीचे झालो आणि मग वेगळे बोलायला लागलो. माझा दिवस लोकांचे फोन जोडण्यात जायचा. संध्याकाळी तिचे आखूड, टोचरे मेसेज ऐकताना मला माणसात आल्यासारखं वाटायचं. एकदाच आम्ही फोनवर बोलायचा प्रयत्न केला. तिने काहीतरी म्हटलं, मला शब्द कळला नाही. परत म्हणायला सांगितलं, परत कळला नाही. मी उगाच 'हो हो' म्हणालो, आणि तिने फोन बंद केला. तिच्या खाणाखुणा मला दिसणार नाहीत आणि तिचं बोलणं मला समजत नाही. म्हणजे आमच्या दोघांमध्ये पूल असा एकच होता, लिहिलेल्या अक्षरांचा.

त्या मेसेजबद्दल मी अक्काला सांगितलं. अक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, आणि आई-वडील गेल्यावर त्या घरात आम्ही दोघंच राहिलो. ती भाकरी थापत होती, ती थापायची थांबली.

"हो म्हणली?" तिने विचारलं.

"तसा मेसेज आलाय."

"मग तोंड का असं केलंयस?"

मी तिला 'तुम्ही'चं सांगितलं. अक्का म्हणाली की लग्न ठरलं की बाई अहो-जाहो करायला लागते, त्यात तपासण्यासारखं काही नाही. तिचंही बरोबर वाटलं. पण 'स्थळ' हा शब्द मनातून जाईना. वृंदाने मला स्थळ म्हटलं नसतं.

त्यानंतर मेसेज रोज यायला लागले. जेवण झालं का, तब्येत जपा, आज इकडे फार उकडतंय. प्रत्येकाच्या शेवटी हसरा चेहरा. पूर्वी तिचं एक वाक्य यायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन येई. आता मी पाठवलेल्या मेसेजला लगेच उत्तर यायचं, पूर्णविरामासकट.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. मी लग्नाचं विचारलं त्याच सुमाराला निरोप्या नव्या रूपात आलं होतं. ते रूप दिसायला देखणं होतं म्हणे. माझ्यापुरतं बोलायचं तर पडद्यावरच्या सगळ्या बटणांची नावंच गेली. आधी बोट ठेवलं की फोन 'पाठवा', 'मागे', 'फोटो' असं सांगायचा. आता तो नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणायचा. पाठवायचं बटण कुठलं ते चुकत-माकत शोधताना मी नको त्या माणसाला नको ते पाठवून बसलो होतो. मी असा धडपडत होतो, तर वृंदाचं लिहिणं एकदम इतकं भराभर कसं व्हायला लागलं?

मी तिच्या नंबरवर फोन केला. फोन तिच्या भावाने, मंदारने उचलला. त्याचं बाजारपेठेत दुकान आहे हे मला ठाऊक होतं, मागे गिऱ्हाइकांचे आवाज येत होते. म्हणजे वृंदाचा फोन दुकानात होता. ताई ठीक आहे, तो म्हणाला, फोन चार्जिंगला आणलाय, घरात लाइट नाही. मी विचारलं, तिच्याशी बोलता येईल का. तो म्हणाला, "तुमचं तर सगळं मेसेजवरच चालतं ना? मग तसंच बोला की." आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी नको नको ते विचार केले. बहीण घरात ओझं झाली असेल. आंधळा का होईना, जातीबाहेरचा का होईना, कुणीतरी विचारतोय म्हटल्यावर भावाने तिच्या फोनवरून परस्पर होकार कळवून टाकला असेल. तिला कदाचित माझा प्रश्नसुद्धा दाखवला नसेल. तसं असेल तर तिला एके दिवशी खुर्चीसकट उचलून माझ्या दारात आणून ठेवतील. आणि मी दारात हार घेऊन उभा असेन.

म्हणून मी एक सापळा लावला. लिहिलं, "आठवतं का, आपण एकदा फोनवर तासभर बोललो होतो?"

उत्तर लगेच आलं. "हो तर. किती छान वाटलं होतं. हसरा चेहरा."

मी एअरफोन काढून ठेवला. अक्का विचारत होती काय झालं. मी म्हणालो, मला चिपळूणला जायचंय. तिला वाटलं मी बोलणी करायला निघालो. तिने नवा शर्ट इस्त्री करून ठेवला, आणि जाताना पेढ्यांचा पुडा हातात दिला. मी तो घेतला. खरं सांगावं असं वाटलं, पण सांगण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय? होकार आला, आणि तो खोटा आहे असा मला संशय आहे, एवढंच. आणि तो संशय खरा ठरला तर माझ्या हातात काहीच उरणार नव्हतं. कुंभार्ली घाटात एसटी वळणं घेत उतरत होती तेव्हा हाच विचार सारखा येत होता. मी गप्प बसलो तर मला हवं ते मिळणार होतं.

मी येतोय असं मुद्दामच कळवलं नव्हतं. चिपळूणच्या स्टँडवरून रिक्षाने रेडीजांच्या घरी गेलो. दार वृंदाच्या आईने उघडलं. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी दार पुरतं उघडलं. मग म्हणाल्या, "या हो, इंद्रजितराव, या. कळवायचं तरी."

त्यांनी मला 'राव' लावला होता, म्हणजे होकाराची त्यांना माहिती होती. मी मनात नोंद केली. मंदार दुकानात होता. काकूंनी मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, आणि म्हणाल्या, "वृंदा, बघ कोण आलंय."

समोरून एक आवाज आला. लांब, घशातून ओढून काढलेला, मध्येच तुटणारा. फोनवर ऐकलेला तोच.

"ती विचारतेय, प्रवास कसा झाला," काकू म्हणाल्या.

चांगला झाला, मी म्हणालो. वृंदा परत काहीतरी म्हणाली. या वेळी आवाज आखूड होता, दोन ठोके दिल्यासारखा.

"लाजतेय ती," काकू म्हणाल्या.

माझं अख्खं आयुष्य आवाज ऐकण्यात गेलंय. समोरचा माणूस फोनवर हसून बोलतोय की दात आवळून, हे मला शब्दांआधी कळतं. वृंदाच्या आवाजातला शब्द मला कळला नव्हता, पण त्यात लाज नव्हती हे मी शपथेवर सांगितलं असतं.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "तिचं ते बटण कुठे आहे?"

"आहे ना, खुर्चीलाच आहे. पण आता त्याचा उपयोग नाही. ते नवीन आलं ना निरोप्या, त्यात मोठी अक्षरं काढून टाकली. किती दिवस झाले, तिला काही लिहिताच..." एवढं बोलून काकू थांबल्या. त्यांच्या बांगड्या वाजल्या, पदर सावरल्यासारख्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती सांगते तसं मी लिहिते. मला कळतं तिचं सगळं."

वृंदाचा श्वास जोरात चालला होता. हे खरंही असू शकत होतं. आईला मुलीचं बोलणं कळतं, आई लिहिते, आईच्या हाताने 'तुम्ही' आणि 'स्थळ' येणारच. पण मग तासभराच्या फोनचं काय?

मी काकूंना म्हणालो, लांबून आलोय, काही खायला मिळालं तर बरं होईल. त्या घावणे घालते म्हणाल्या. बिडाचा तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत मी थांबलो. मग खुर्ची पुढे सरकवली.

"वृंदा," मी म्हणालो, "हो म्हणायचं असेल तर बटण दाब. टक वाजलं की मला कळेल."

टक.

"मला आलेले मेसेज तू सांगितलेस?"

काहीच वाजलं नाही. मी वाट बघितली. तरी नाही. पण न वाजण्यावर मला विश्वास ठेवता येईना. मान घसरली असेल, गाल पोचला नसेल. आणि नाही म्हणजे काय नाही? मला तिचे शब्द हवे होते. शब्द द्यायला ते अ‍ॅप नव्हतं, पण त्याची रीत मला ठाऊक होती. तिनेच कधीतरी समजावून सांगितली होती.

मी म्हणालो, "मी ओळी म्हणतो. हवी ती आली की दाब. मग त्या ओळीतली अक्षरं म्हणतो."

टक.

मी सुरू केलं. स्वर. क. च. ट. त. प. तिथे टक. मग प, फ, ब, भ, म. टक. मग काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी. टक. 'मी'. स्वयंपाकघरात पिठाची वाटी तव्यावर फिरल्याचा चर्र आवाज येत होता, त्यामुळे बटण दाबणारं दुसरं कुणी नाही एवढी खात्री होती. माझा घसा कोरडा पडायला लागला. तिची मान मध्येच घसरायची, खुर्ची करकरायची, ती स्वतःला सावरून परत यायची. मी तिथवर थांबायचो आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणायचो.

"मी नाही," मी म्हणालो. "मेसेज तू नाही लिहिलेस, सांगितलेही नाहीस. बरोबर?"

टक.

"तो होकारसुद्धा?"

टक. आणि मग परत टक, टक, टक. थांबेचना. मी हात पुढे केला तर तिची मूठ माझ्या मनगटावर आपटली. रागाने की अंगाच्या झटक्याने, ते मला कळलं नाही.

माझा संशय खरा ठरला होता. त्यात समाधान काही नव्हतं. मी विचारलं, माझा प्रश्न तरी तू वाचला होतास का. टक. म्हणजे एवढे दिवस तो प्रश्न समोर होता, आणि त्याचं उत्तर तिच्या देखत दुसरंच कुणी देत होतं, हसऱ्या चेहऱ्यांसकट. ते सगळं तिने पडद्यावर वाचलं होतं. माझ्या आनंदाने भरलेल्या उत्तरांसकट.

तिने परत बटण वाजवलं. मी ओळी म्हणायला लागलो. या वेळी तिने मलाच विचारलं, "का आलास".

"तू मला 'तुम्ही' म्हणालीस म्हणून," मी म्हणालो.

तिच्या तोंडून एक विचित्र, उसळता आवाज आला. ती हसतेय हे कळायला मला वेळ लागला. मग मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच मी विचारून टाकलं, "मग तुझं उत्तर काय?"

बराच वेळ टक वाजलं नाही. मग वाजलं. मी एकेक अक्षर गोळा करत गेलो. मनातल्या मनात पुढचं अक्षर ओळखायचा मोह होत होता, तो मी दाबत होतो. शेवटी शब्द जुळले.

"असं नको. आवाज तुझा".

मला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. तिचं उत्तर माझ्या तोंडून उमटणार होतं. मी जे अक्षर मोठ्याने म्हणेन त्यातूनच तिला निवडायचं होतं. आईच्या हातातून सुटून ती माझ्या तोंडात अडकली असती, आणि नंतर कुणीही म्हटलं असतं की हे याने स्वतःच म्हणून घेतलं. मी खुर्ची मागे घेतली.

तवा कधीचा शांत झाला होता. दारातून काकूंचा आवाज आला. त्यांनी किती ऐकलं होतं देव जाणे.

"मंदारला यातलं काही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी लिहिलं. तुम्ही विचारलंत आणि हिचं बटण बंद पडलं. उत्तर गेलं नाही तर तुम्ही समजाल नको म्हणतेय, आणि दुसरीकडे बघाल. परत कोण विचारणार होतं हिला? मी आज आहे. माझ्यामागे हिला मांडीवर घेऊन कोण भरवणार?"

"तिला विचारायचं होतं, काकू."

"विचारून काय केलं असतं? नाही म्हणाली असती तर?"

वृंदा काहीतरी म्हणाली, मोठ्याने. मी काकूंच्या बाजूला तोंड वळवलं, त्यांनी ते सांगितलं नाही. माझ्यासमोर घावण्याची ताटली ठेवली आणि त्या आत गेल्या. मी घावणे खाल्ले, ते गार झाले होते. पेढ्यांचा पुडा पिशवीतच राहिला.

कराडला परत आल्यावर मी निरोप्याच्या पुण्यातल्या ऑफिसला फोन करायला लागलो. फोन लावणं हा माझा धंदाच होता. कुणाचा सेक्रेटरी कुठे टोलवतो आणि कुठल्या वेळी साहेब स्वतः फोन उचलतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. तिथल्या एका बाईंनी मला सौम्यपणे समजावलं की 'मोठी अक्षरं' फारच थोडे लोक वापरत होते, नव्या रूपात ती बसेनात, म्हणून काढली. मी त्यांना विचारलं, त्या थोड्या लोकांनी तक्रार कशाने लिहायची? मग मी आमच्या गटाला कामाला लावलं. हेडमास्तर रोज सकाळी फोन करायचे आणि पहिल्यापासून सगळं सांगायचे. पावसाळा जाऊन दिवाळी आली तेव्हा कुठे मोठी अक्षरं परत आली. माझ्या बटणांनाही नावं मिळाली.

मला वाटलं, आता पहिला मेसेज मला येईल. तो आला नाही. त्याऐवजी काकूंचा फोन आला. त्यांचा आवाज बसला होता.

"तिने मेसेज पाठवला. मला. मी स्वयंपाकघरात होते, ती इथे खोलीत."

"काय लिहिलंय?"

"'माझ्या नावाने लिहू नको.'" त्या म्हणाल्या. "एवढंच. दुपारभर लिहीत होती, मला वाटलं तुम्हाला लिहितेय."

तुम्हाला आला का, असं त्यांनी शेवटी विचारलं. अजून नाही, मी म्हणालो.

मला आला तो नंतर. ऑफिसातच होतो. फोन सांगत होता की वृंदा लिहीत आहे, मग गप्प व्हायचा, मग परत सांगायचा. मी कॉल जोडत होतो आणि चुकीच्या टेबलांना जोडत होतो. अखेर मेसेज आला. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं.

"तुझ्या घरी मला कोण उचलणार. अक्का. तिला विचारलंस".

विचारलं नव्हतं. घरी सून येणार म्हणून अक्का खूश होती, आणि तेवढ्यावर मी समजून चाललो होतो. मला दिसत नाही, वृंदाला उभं राहता येत नाही. अंघोळ, भरवणं, रात्री कूस बदलणं, यातलं बरंचसं मला शिकता आलं असतं, पण सगळं नाही. उरलेलं कुणी करायचं हे मी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी मी अक्काला विचारलं. सगळं सांगून, काही न लपवता. दळण आलं होतं, ते ती डब्यात ओतत राहिली.

"मला न्हाई जमायचं, इंद्रा," ती म्हणाली. "आईचं केलं, आबांचं केलं. दाजी पडून व्हते तवा त्यांचं केलं. कुणी इचारलं न्हवतं, आन मी बी काय बोलले न्हाई. आता पाठ ऱ्हायली न्हाई माझी. तू इचारलंस म्हणून सांगती. न्हाईतर केलंच असतं."

मी ते जसंच्या तसं वृंदाला लिहिलं. लिहिताना वाटत होतं की आता हे संपलं. तिच्या बाजूने दोन दिवस काही आलं नाही. मग तीन शब्द आले.

"मग तू ये".

मी गेलो. एका दिवसात गेलो नाही. आधी चिपळूणला काम शोधलं, एका दवाखान्याच्या फोनवर बसायचं. रेडीजांच्या घराजवळ खोली घेतली. वृंदाला उचलायला सकाळ-संध्याकाळ एक बाई येत होत्याच. त्यांच्याकडून मी भरवायला शिकलो, मान कुठे धरायची ते शिकलो. तिचं बोलणंही हळूहळू कळायला लागलं, आधी नुसते होकार-नकार, मग माणसांची नावं, मग शिव्या. काकूंना सुरुवातीला माझा राग होता. मी तिच्या समोर बसून एखाद्या शब्दासाठी अडलो की त्या पलीकडच्या खोलीत मुद्दाम भांडी वाजवायच्या. तो शब्द सांगायला मात्र येत नव्हत्या. ते त्यांना किती जड जात होतं हे त्या भांड्यांवरून कळायचं.

लग्न पुढच्या वर्षी ठरलं. ते वृंदानेच ठरवलं, आणि तेव्हाचा तिचा मेसेज मी कुणाला ऐकवलेला नाही, इथेही सांगणार नाही.

विवाह नोंदणीला आम्ही गेलो तेव्हा सोबत अक्का होती, मंदार होता, काकू होत्या. खोली लहान होती, वृंदाची खुर्ची आत घेताना टेबल सरकवावं लागलं. अधिकाऱ्यांनी माझं नाव, वय विचारलं, माझी संमती विचारली, मी दिली. मग कागद उलटल्याचा आवाज आला. त्यांचं पुढचं बोलणं माझ्याकडे नव्हतं आणि वृंदाच्या खुर्चीकडेही नव्हतं. ते त्याहून वर, खुर्चीच्या मागे उभ्या असलेल्या काकूंकडे गेलं.

"मुलीची संमती आहे ना? आई म्हणून तुम्ही सांगितलंत तरी चालेल."

माझ्या शेजारी अक्काने श्वास रोखला होता. मी काकूंच्या बांगड्यांकडे कान लावून होतो. त्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"तिला विचारा," काकू म्हणाल्या.